बाल्कनीत टांगलेली सीडी

अग्निशमन दलाच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवणाऱ्या त्या गृहस्थांना सगळे मास्तर म्हणत. आग विझवायला मास्तर जन्मात कधी गेले नव्हते, पण गणवेशातली ऐट अशी की बंब यांच्याच फुंकरीवर चालतो असं बघणाऱ्याला वाटावं. आवाज खणखणीत, राग नाकाच्या शेंड्यावर, आणि घाबरणं आपल्या रक्तातच नाही, असं ते चारचौघांत बजावून सांगत.

दोन वर्षांपूर्वी परगावी एका बागेत बँड वाजत असताना मास्तरांनी वरचा सूर धरला आणि पाठीत, दोन खांद्यांच्या मधे, काहीतरी टर्रकन फाटलं. ट्रंपेट घट्ट धरूनच मास्तर खाली बसले. तिथल्या दवाखान्यात सीटी स्कॅन झाला. हृदयातून निघून पाठीमागून खाली उतरणारी जी मुख्य रक्तवाहिनी, तिचं आतलं अस्तर फाटलं होतं. रक्त भिंतीच्या पदरांमधे घुसलं होतं आणि खऱ्या वाटेशेजारी त्याने एक खोटी वाट पाडली होती. नशीब एवढंच की फाटलेली जागा हृदयापासून लांब होती. ऑपरेशन टळलं, रक्तदाब उतरवणाऱ्या गोळ्यांवर निभावलं.

घरी सोडताना हातात एक फाइल, एक सीडी आणि भरपूर ताकीद मिळाली. ट्रंपेट बंद, जड उचलणं बंद, गोळी चुकवायची नाही आणि दर सहा महिन्यांनी स्कॅन करायचा. खोट्या वाटेची भिंत पातळ असते. ती वर्षानुवर्षं हळूहळू फुगू शकते, आणि फुगतेय की नाही हे स्कॅनशिवाय कळत नाही.

मास्तरांनी बाकी सगळं पाळलं. स्कॅनचं नाव काढलं की मात्र फिसकटायचं. "मला काही होत नाहीये. धडधाकट माणसाला उगाच यंत्रात कशाला घालता?" लेक भांडली, रडली, तिने अबोलाही धरून पाहिला. बायको मात्र या विषयावर चकार शब्द काढत नसे. मास्तरांना याचं बरं वाटे, आणि थोडं नवलही वाटे.

शेवटी लेकीने ठोकून दिलं की नवा स्कॅन दाखवल्याशिवाय बँडवाले खोलीत पाऊलही टाकू देणार नाहीत, नव्या पोरांना शिकवायलासुद्धा नाही. हे खरं होतं की नाही देव जाणे. मास्तर मुकाट्याने यंत्रात जाऊन झोपले.

स्कॅन वाचणाऱ्या डॉक्टर तरुण होत्या आणि त्यांच्या बोलण्यात आडपडदा नव्हता. पडद्यावर त्या रक्तवाहिनीला पुन्हा पुन्हा आडवी रेघ मारून रुंदी मोजत होत्या. मास्तरांनी मनातल्या मनात त्यांचं नाव मापवाल्या बाई ठेवलं.

"आज पंचेचाळीस मिलिमीटर भरतेय," त्या म्हणाल्या. "जुन्या कागदावर अडतीस लिहिलंय. दोन वर्षांत खरंच एवढी फुगली असेल, तर आत जाळीची नळी बसवावी लागेल. त्या ऑपरेशनमध्येही धोका असतो."

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं.

"पण हा अडतीसचा आकडा कुठल्या जागेचा, ते कागदावर नाही. ही वाहिनी सगळीकडे सारखी रुंद नसते. तेव्हा एका जागी मोजलं आणि आज दुसऱ्या, तर तुलना कसली करणार? मला जुन्या स्कॅनची चित्रंच हवीत. सीडी दिली असेल ना?"

परगावच्या दवाखान्याने यंत्रं बदलली होती, तिथे जुनं काही उरलं नव्हतं. घरातले कागद सांभाळणारी बायको शेजारीच बसली होती; सगळे तिच्याकडे बघू लागले.

"आहे," ती पुटपुटली. "बाल्कनीत."

बाल्कनीत ती होतीच. टोमॅटोच्या कुंड्यांवर कबुतरं बसू नयेत म्हणून दोऱ्याला टांगलेली, वाऱ्यावर गिरक्या घेत असलेली. शेजारच्या कठड्यावर एक कबुतर तिच्याकडे बघत निवांत बसलं होतं.

"अगं, माझी छाती आहे ती!" मास्तर कडाडले. "कबुतरांना दाखवायला टांगलीस?"

बायकोने दोरा सोडला, सीडी साबणाच्या पाण्याने धुतली आणि आपल्या पदराने हळूहळू पुसत बसली. ते बघून मास्तरांचा पारा आपसूक उतरला.

दुसऱ्या दिवशी मापवाल्या बाईंच्या संगणकाने सीडी तोंडात घेतली, घरघर केली आणि थुंकून टाकली. तळघरातल्या एका जुनाट संगणकात ती चालली. बरीच चित्रं उघडेचनात. बाई एकेक चित्र पुढे सरकवत राहिल्या, मास्तर खुर्चीची कड धरून बसले होते. मग पंचेचाळीस भरलेल्या जागेची चित्रं उघडली. त्यांनी जुनं आणि नवं शेजारी शेजारी लावून एकाच जागी रेघ मारली. मग पुन्हा मारली.

"तेव्हाही पंचेचाळीसच होती," त्या म्हणाल्या. "ते अडतीस खालच्या जागेचं माप होतं. तसूभरही वाढली नाहीये. आणि हे बघा, तेव्हा खोट्या वाटेत रक्त खेळत होतं, त्याबरोबर सुईतून दिलेलं औषध आत गेलं, म्हणून ती अशी पांढरी दिसते. आता ती पूर्ण गोठून बंद झालीय. अर्धवट गोठली असती तर मला काळजी वाटली असती."

"म्हणजे?"

"म्हणजे पुढचा धोका कमी दिसतोय. शून्य नाही. गोळ्या चालूच राहतील, ट्रंपेट नकोच. पण जाळीची आज गरज नाही, आणि शिकवायला माझी काही हरकत नाही. आता वर्षाने या."

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. त्यांना हसायचं होतं, पण डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. ते तसेच बाहेर येऊन बाकावर बसले. बायको शेजारी बसली.

"अगं, एक सांगू?" ते नाक ओढत म्हणाले. "मी हट्ट म्हणून टाळत नव्हतो. भीती वाटत होती."

"ठाऊक होतं मला."

"मग बोलली का नाहीस कधी?"

"मला तुमच्याहून जास्त वाटत होती." ती समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली. "साड्यांच्या कपाटात होती ती सीडी. कपाट उघडलं की नजर तिच्यावरच जायची. फेकून द्यायचा धीर होईना, आणि घरात ठेववेना. कबुतरांचं आपलं निमित्त केलं हो."

मास्तरांनी तिचा हात आपल्या हातात घेतला.

"पुढच्या वर्षी," ते म्हणाले, "दोघं मिळून घाबरू."