कडू मास्तर आणि बीजीचा कहू

कडू मास्तरांचे आडनाव कडू नव्हते. दिसेल त्या झाडाचे पान तोडून चावायचे, थुंकायचे आणि चव सांगायची, या सवयीपायी पांढुर्णा गावाने त्यांना हे नाव दिले होते. आमच्या भागात कडू आडनावाची घरे आहेत, म्हणून नव्या माणसाला ते खरेच वाटे. मास्तरही कोणाला दुरुस्त करत नसत. कण्हेर आणि धोतरा एवढे त्यांनी सोडले होते. सौसरकडच्या संत्र्याच्या बागेत शिरले की मालक हाक मारे, "मास्तर, फळं खा ना बाप्पा! पानं काहून खाता?"

"फळाची चव सगळ्यालेच समजते," मास्तर म्हणत. "पान काय लपवून राहिलं, ते पाहतो."

ते सरकारी शाळेत विज्ञान शिकवत, मी गणित. देश स्वतंत्र होऊन थोडी वर्षे झाली होती. मी नोकरीत नवा होतो आणि आम्ही एकाच घरात शेजारच्या खोल्यांत भाड्याने राहत होतो, त्यामुळे त्यांचे प्रयोग माझ्या नाकासमोरच चालत. तूप खवट होऊ नये म्हणून लोणी कढवताना आपल्याकडे विड्याचे पान टाकतात. मास्तरांना प्रश्न पडला, मग पेरूचे का नको? संत्र्याचे का नको? त्यांनी बाटल्यांत तूप भरले, प्रत्येकीत वेगळे पान टाकले आणि साऱ्या बाटल्या उन्हाच्या खिडकीत मांडल्या. रोज वास घेत, मलाही घ्यायला लावत.

"एकेका बाटलीवरून काही सिद्ध होत नाही," मी म्हणे.

"तुम्ही वास घ्या, गुरुजी. सिद्ध मागून करू."

फाळणीनंतर आलेल्या एका पंजाबी माणसाचे आमच्या गल्लीच्या तोंडाशी कापडाचे दुकान होते. त्याच्या म्हाताऱ्या आईला सगळे बीजी म्हणत. तिकडच्या डोंगरातली वाळकी पाने उकळून ती रोज पीत असे. सोबत आणलेली पुरचुंडी संपत आली, तेव्हा तिने मास्तरांना झाडाचे नाव सांगितले: कहू. आता आमच्याकडे कहू म्हणजे अर्जुन, नदीकाठी हवा तेवढा. मास्तर स्वतः जाऊन खांदाभर डहाळ्या घेऊन आले. बीजीने काढ्याचा एक घोट घेतला आणि मोरीत थुंकला.

"मास्टरजी, ये किसका पेड़ उठा लाए?"

"कहूच है, बीजी!"

"तुम्हारा होगा."

तिने पुरचुंडी उघडून दाखवली. पान अरुंद, चिवट, खालून राखाडी. मास्तरांनी एक तुकडा चावला, आणि बराच वेळ थुंकलेच नाहीत. मग मला म्हणाले, "गुरुजी, हे जैतूनच्या, म्हणजे ऑलिव्हच्या घराण्यातलं दिसते. रानचा भाऊ." तुपात टाकायला त्यांनी एक पान मागितले, तर बीजीने पुरचुंडी कमरेला खोचली. "घी में? मेरा पत्ता?"

तेव्हापासून तिकडून रोपे मागवा म्हणून मास्तर दुकानदाराच्या मागे लागले. बीजीचा भाचा हिमाचलकडे स्थायिक झाला होता. तो भेटीला आला तेव्हा ओल्या पोत्यात गुंडाळून दोन रोपे घेऊन उतरला. एक रानातला कहू, दुसरे बागेतले कलमी जैतून. ही रोपे आमचा उन्हाळा काढणार नाहीत, असे संत्रेवाल्यांनी सांगून टाकले. मास्तरांनी त्यांनाच सावली कशी करायची, पाणी किती द्यायचे ते विचारून घेतले. दुकानासमोर लावलेली रोपे जगली, पण वाढ फार हळू. तोवर बीजीची पुरचुंडी संपली होती. झाडे जोर धरेपर्यंत पान तोडायचे नाही, असे तिनेच ठरवले. मास्तरांनी तरी तुपासाठी दोन्हींची पाने तोडलीच, आणि तिने ते पाहिले.

"चोर!" ती दुकानातून ओरडली.

कहूच्या पानाचे तूप सगळ्यांत उशिरा खवट झाले, कलमी जैतूनचे त्याच्या थोडे आधी. बाटली एकेकच होती, म्हणून मी फक्त माझ्या नाकाला कळले ते सांगतो. माझी मुलगी आता रसायनशास्त्र शिकते. ती म्हणते, या पानांतली कडू द्रव्ये हवेने येणारा खवटपणा लांबवतात आणि जातीजातीत ती कमीजास्त असतात. मास्तर तेव्हा एवढेच म्हणाले होते, "कडू आहे म्हणजे कामाचं काही असंन."

मग राज्ये नव्याने आखली गेली. नागपूर मुंबई राज्यात गेले, पांढुर्णा आणि सौसर मध्य प्रदेशात राहिले. नोकरदारांचीही वाटणी झाली. मी पांढुर्ण्यातच राहिलो, मास्तरांच्या नावाचा हुकूम नागपूरकडचा निघाला. झाडे जेमतेम कमरेएवढी होती आणि बीजी आता काठीशिवाय उठत नव्हती.

जायच्या दिवशी त्यांनी दोन्ही झाडांची पाने तोडून वेगवेगळी उकळली आणि कुठला पेला कशाचा ते न सांगता बीजीपुढे ठेवले. पहिला तिने ओठाला लावून सरकवला. "ये तो शरबत है." दुसऱ्याचा घोट घेतला. थुंकली नाही. डोळे मिटून पेला रिकामा केला आणि पुन्हा पुढे धरला.

"पत्ता वही है, मास्टरजी," ती म्हणाली. "पानी यहाँ का है."

मास्तरांचा चेहरा उजळला, आणि लगेच ते विचारात पडले. "गुरुजी, पाण्याचं तं आपण पाहिलंच नाही!"

टांगा दारात उभा होता. मी गाडी चुकेल म्हणून ओरडत राहिलो, तरी ते विहिरीकडे गेले. स्टेशनवर त्यांच्या एका हातात कहूच्या पानांची पुडी होती आणि दुसऱ्या हातात बूच घट्ट लावलेली पांढुर्ण्याच्या पाण्याची बाटली.