ढालीवरची गाय

आखातात मीना अल-अहमदीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात आमचा सुपरवायझर इंग्रज होता. आडनाव कावर्ड. इंग्रजीत भित्र्याला हाच शब्द, त्यामुळे आम्ही टेक्निशियन त्याच्या पाठीमागे यथेच्छ हसायचो. तसा तो धीट. कितीही उंच टाकी असो, पहिला तोच चढायचा. त्याच्या खुर्चीमागे एक लाकडी ढाल टांगलेली असे आणि तिच्यावर मागच्या पायांवर उभा राहिलेला सिंह. ते त्याच्या घराण्याचं चिन्ह, असं तो सांगायचा.

एसी दुरुस्त करणाऱ्याच्या धक्क्याने ती ढाल पडली आणि सिंहाचे तुकडे झाले. जवळच्याच फहाहील गावात माझ्या ओळखीचा एक मालवणी सुतार होता, म्हणून साहेबाने काम मला सांगितलं. नेण्याआधी मी सहज मोबाइलवर त्याचं आडनाव शोधलं. भित्रेपणाशी त्याचा काहीच संबंध नव्हता. स्मिथ म्हणजे लोहार, टेलर म्हणजे शिंपी, तसा हा गुराखी. जुना शब्द झिजत झिजत असा झालेला.

सुताराला मी हे सांगितलं, आणि वर पुस्ती जोडली, की साहेबाला सिंहापेक्षा गायच शोभेल.

तो गंभीरपणे म्हणाला, "मी सिंह खंय बघलंय? गाय डोळे मिटून काढतंय."

मला वाटलं, तोही थट्टाच करतोय. आठवड्याने गेलो तर ढालीवर खरोखर गाय, पुढचा एक पाय उचललेली. पाय का उचललाय, विचारलं. त्यांच्या घरची गाय दूध काढताना अशीच पाय झाडते म्हणे.

साहेबापुढे ढाल ठेवली आणि चूक माझी, असं सांगून टाकलं. त्याने ढाल उचलून खिडकीपाशी उजेडात धरली. मग हळूच कबूल केलं, की सिंह त्याने विमानतळावरच्या दुकानात घेतला होता. आजोबा मात्र खरेच गाई पाळायचे. ढालीवरच्या अशा पाय उचललेल्या जनावराला 'पासंट' म्हणतात, हेही त्यानेच सांगितलं.

"तुझ्या सुताराला हे ठाऊक होतं?"

"हो," मी बिनदिक्कत म्हणालो.

सुट्टीत तो ढाल घरी घेऊन गेला. ती बघून त्याच्या बहिणीनेही एक मागवली. सुताराला फोन केला, तर त्याने आधी तिच्या नवऱ्याचं आडनाव विचारलं. बेकर, म्हणजे पाववाला, असं मी सांगितल्यावर तो खूश झाला, कारण पावाला पाय नसतात. मग त्याने समोरच्या इराणी भट्टीतली गोल खुब्ज रोटी बघून बघून हुबेहूब कोरली.