खळ्यात चपला घालत नाहीत

आमच्या घरात अंडंसुद्धा शिजत नाही. अशा घरातली पोर बीएस्सी झाल्यावर कोकणात जाऊन समुद्री जीव शिकायचं म्हणाली, तेव्हा आजोबांनी, आमच्या आबांनी, हातातला घास ताटात ठेवला.

"मासोळ्या चिवडाले जाऊन राह्यली का वं?"

घरात शेवटचा शब्द आबांचा. आईबाबा राजी होते, पण आबांचं मन मोडून जाणं मला जमणारं नव्हतं, आणि प्रवेशाची मुदत तर संपत आलेली.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आबा ओट्यावर बैलांच्या कवड्यांच्या माळा धूत बसले होते. मी सहज म्हटलं, "आबा, ही कवडी म्हणजे समुद्रातल्या गोगलगायीचं घर."

"काहीबी सांगतं! कवड्या झाडाले लागतात, चिचेवानी."

जन्मभर त्यांची हीच समजूत. देऊळगाव राजाच्या बाजारातून माळा आणायच्या, बैलांच्या गळ्यात बांधायच्या, विचारतो कोण? मी फोनवर जिवंत कवडी दाखवली. त्यांनी फोन उलटापालटा करून पाहिला. मग म्हणाले, "फोनातलं काय खरं? मले डोळ्यानं दाखव."

पोळा झाला आणि आम्ही दोघं निघालो. बस बदलत, कंबरेच्या नावानं ओरडत आबा कोकणात पोचले. ओहोटी होती. उघड्या पडलेल्या खडकांतल्या डबक्यांत खेकडे होते, तारामासे होते, दगडाला चिकटून सरकणारी जिवंत कवडी होती, फुलासारखी उमलून भक्ष्य गिळणारी जनावरं होती. आबा वाकून "आन हे?" "आन हे?" विचारत सुटले. मला येत होती ती नावं संपली, त्यांचं बोट काही थांबेना.

मग त्यांनी चपला काढून हातात घेतल्या.

"आबा, कालवांच्या धारदार शिंपल्यांनी पाय चिरेल!"

"खळ्यात कोनी चपला घालून जाते का?"

आमच्याकडे धान्य पडलेल्या खळ्यावर चपला घालून कुणी पाय ठेवत नाही. दोन पावलांतच त्यांचा अंगठा चिरला. रक्त पाहून मला वाटलं, झालं, आता माझं शिक्षण बुडालं. मी रुमाल बांधत असतानाच त्यांनी बाबांना फोन लावायला सांगितला.

मी आज जे काही पाहते, शिकते, ते त्या फोनमुळे. आबांचे उपकार मी कुठल्या जन्मी फेडू?

"पोरीले इथंच ठेवून येतो," आबा फोनवर ओरडून सांगत होते. "अरे, एका डबक्यात एवढं पिकलं हाय! राखाले आपल्या घरचं कोनी तं पाह्यजे."