वाडग्यावरच्या लाटा

आधी माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजात पोचलेला मी पहिलाच, आणि परीक्षेच्या उत्तरांपलीकडे मी फारसं काही लिहिलेलं नाही. लाकूड कातायच्या लेथवरही माझा हात जेमतेम दोन वर्षांचा. तरी बाबांच्या हातांविषयी सांगावंसं वाटतं.

महाडच्या एमआयडीसीत बरीच वर्षं पाळ्या केल्यावर बाबा घरी बसले आणि पोलादपूरजवळच्या आमच्या गावी पडवीत एक जुना लेथ मांडला. त्यावर ते फणसाच्या लाकडाचे वाडगे कातायचे. गडाच्या पायथ्याच्या हिरकणीवाडीत ते दुकानात ठेवले जायचे आणि गड बघायला येणारे आवडीनं घ्यायचे. गेल्या वर्षी मात्र वाडग्याच्या आत बारीक लाटा उठू लागल्या. कातताना खर्रखर्र असा आवाज यायचा आणि पॉलिश केल्यावर त्या लाटा अधिकच दिसायच्या.

मी शनिवारी महाडच्या कॉलेजातून घरी गेलो, तर मशीनवर गोणपाट टाकलेलं.

"हात थरथरतो माझा," बाबा म्हणाले. "आता बंद करायचं."

"चहाची बशी तर हालत नाय," आई आतून म्हणाली. "मशीनवर बसलं की बरा थरथरतो!"

"तू गप गो."

बाबा थट्टेवारी नेत होते, पण त्यांचा चेहरा पडला होता. लेथ सुटला असता तर दिवसभर करायचं काय, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं.

मी एक वाडगा कातून पाहिला. माझ्याही वाडग्यात लाटा आल्या. "बघा, माझा हात तर थरथरत नाही," असं मी म्हटलं.

"तू शिकाऊ. तुझ्या नाय येणार तर कुणाच्या?"

ते खरंच होतं. म्हणून हात बाजूला ठेवून मी मशीनच तपासायला घेतलं. पाण्याचा पेला लेथवर ठेवून रिकामं मशीन चालवलं, तर पाणी जवळजवळ स्थिर राहिलं. लाकूड लावल्यावर मात्र पेल्यात तरंग उठले. मग मशीन बंद करून वर्तमानपत्राचा कागद एकेका पायाखाली सरकवून पाहिला. तीन पायांखाली कागद अडला, चौथ्याखालून आरपार गेला. मशीन तीनच पायांवर उभं होतं!

कारण आमच्या घरातच होतं. आई दर आठवड्याला पडवी सारवते. त्यासाठी बाबा पहारीनं मशीन सरकवून देत आणि सारवण पुरतं सुकायच्या आत परत जागेवर आणत. ओल्या जमिनीत एक पाय दर वेळी थोडा खचत होता.

"म्हंजे माझ्या शेणानं केलं होय रे?" आईनं कमरेवर हात ठेवून विचारलं.

"तसं नाही गं, आई..."

"शिकला, आता आईलाच दोष देतो!" पण ती हसत होती.

आम्ही मशीनच्या चारही पायांखाली फरश्या बसवल्या आणि मशीनच्या खालच्या फळीवर वाळूची दोन पोती ठेवली. मोठी थरथर गेली. काठावर मात्र बारीक लाटा उरल्याच. हत्याराला धार लावली, हत्यार टेकवायची पट्टी लाकडाच्या अगदी जवळ आणली, तरी उरल्या. दोन वाडगे फुकट गेल्यावर माझ्या ध्यानात आलं की, बाबा आधी सगळा वाडगा पोखरायचे आणि, गेल्या वर्षापासून काठ पातळ ठेवू लागल्यावरही, तो शेवटीच कातायचे. तोवर काठाला आधार उरलेला नसायचा, हत्यार लागलं की तो मागे झुकायचा. बाबांच्या देखत मी काठ आधी पुरा पातळ केला, मग टप्प्याटप्प्यानं बुडाकडे गेलो आणि काठाकडे पुन्हा वळलो नाही. वाडगा गुळगुळीत निघाला.

बाबांनी तो बराच वेळ हातात फिरवला. "चांगला झालाय," ते म्हणाले. "तुझा हात चांगला हाय."

माझ्या वाडग्यानं त्यांच्या हाताबद्दल काहीच सिद्ध झालं नव्हतं. त्यांनी स्वतः कातून पाहावं, असा आग्रह करायचा धीर झाला नाही. रविवारी संध्याकाळी एसटीनं महाडला परतलो.

चार दिवस फोनवर मी लेथचं विचारलं नाही आणि त्यांनीही विषय काढला नाही. पाचव्या दिवशी दुपारी तास सुटल्यावर आईचा फोन आला.

"अरे, सकाळपास्नं पडवीत हायत. एक वाडगा केला. मी आतून बोट फिरवलं, कायच लागत नाय."

"आणि बाबा काय म्हणाले?"

"बोलायला सवड कुठं हाय? जेवायला हाका मारते तर येत नायत. दुसरा लावलाय मशीनवर."