वहिनीनं मिसरात घेतलेलं नाव

माझी वहिनी कृष्णाबाई मिसर देशातले पिरॅमिड बघून आली, हे आमच्या गावात अजून निम्म्या लोकांना खरं वाटत नाही. मला वाटतं. कारण तिनं माझ्यासाठी तिथून काही म्हणजे काही आणलं नाही. खोटं बोलणारी बाई निदान कुठली तरी बांगडी आणून तिकडची म्हणून दाखवते.

आमचं गाव आगरदांड्याच्या आत, भातखाचरांतलं. वहिनी पंचक्रोशीत प्रसिद्ध होती ती रडण्यासाठी. कुणी गेलं की लाकडं फोडायच्या आधी तिला बोलावणं. ती हेल काढून रडायला लागली की मेलेल्याचे असे गुण बाहेर यायचे, की त्याची बायकोसुद्धा रडायची थांबून ऐकायची. जन्मात कुणाला चिमूटभर मीठ न दिलेली म्हातारी तिच्या तोंडी अन्नपूर्णा व्हायची. आणि दुसरा तिचा नेम. नवऱ्याचं नाव आमच्यात कुठलीच बायको घेत नाही, घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं म्हणतात. पण वहिनीचं सगळंच अती. माझ्या दादाचं नाव अंबाजी, म्हणून ही आंब्यालासुद्धा ‘ते पिवळं फळ’ म्हणायची.

सत्तावीस-अठ्ठावीस साल असेल. दादा मुंबईहून आगबोटीवर कोळसा टाकायच्या कामाला जायचा. एका खेपेला बोट आली, दादा आला नाही. दिघीचा एक खलाशी म्हणाला, तापानं फणफणलेला होता, सुवेझला उतरवला, पुढचं ठाऊक नाही. पावसाळ्यामागून पावसाळे गेले. शेवटी भावकीतले येसाजीकाका म्हणाले, “कृष्णे, कुंकू पूस आणि रड बाय एकदाची. त्याचे दिवस करून टाकू.”

“मढं दाखवा, मग रडते,” वहिनी म्हणाली.

साऱ्या गावासाठी रडणारी बाई, स्वतःच्या नवऱ्यासाठी टिपूस गाळेना. तोंडानं मी तिला हट्टी म्हणायची, पण आतून तिच्याच बाजूची होते. माझा भाऊ होता तो.

मग तिनं काय करावं? मुंबईला जाऊन एका साहेबाकडे आया म्हणून राहिली. साहेबाचा भाऊ मिसरात, कैरो शहरात नोकरीला. मडम पोरांना घेऊन त्याच्याकडे निघाली होती आणि वाट सुवेझवरून. लोक म्हणाले, कृष्णा जग बघायला चालली. कसलं जग घेऊन बसलात! ती दादाला शोधायला निघाली होती.

बरोबर साहेबाचा बटलर आदमभाई, आपल्या मुरुडचाच. त्यानं ह्या वाटेनं बऱ्याच खेपा केलेल्या. बोटीवर तो म्हणाला, “बाय, सुवेझचा एकूण एक हिंदी माणूस मला ठाऊक हाय. नाव काय तुमच्या मालकांचं?”

वहिनी समुद्राकडे बघायला लागली.

“अहो, नाव सांगा!”

“उंच हायत. सावळे. कानात बाळी.”

“असे खलाशी ढिगानं पडलेत.”

“ठमीचे दादा.”

“आता ही ठमी कोण?”

बघा! मुरुडपासून हाकेवर राहते मी, आणि ह्याला ठाऊक नाही. आदमभाईनं कपाळाला हात लावला. “बरं, उखाण्यात तरी घ्या.”

“उखाणा लग्नात घेतात,” वहिनी म्हणाली. “बोटीत न्हाय.”

सुवेझच्या धक्क्यावर उतरल्या उतरल्या तिनं भेटेल त्या हमालाला विचारलं, “आमच्या घरातलं माणूस पाहिलंत का?” तेही मराठीत. हमाल हसले, कुणी सलाम केला, आणि मडमेनं तिला ओढून आगगाडीत बसवलं.

कैरोचं मी तिला खोदून खोदून विचारलंय. म्हणते, ट्रामगाड्या, मोटारी, गाढवं, उंट, सगळे एकाच रस्त्यात आणि सगळे घाईत. लाल गोंडेदार टोपीचे बाबू पेढीवर बसून काळी कॉफी पितात. एक माणूस डोक्यावर रोट्यांची फळी घेऊन ट्रामपुढून पळाला. “मेला चिरडला कसा न्हाय, तेच नवल!” त्यालाही तिनं विचारलंच, आमचं माणूस पाहिलंत का. पिरॅमिडांपाशी मडमेनं तिला उंटावर चढवलं तर ही डोळे मिटून बसली. उतरल्यावर वर बघून म्हणाली, “एका माणसाला पुरायला एवढे दगड! आणि इतकं करून बसायला सावली न्हाय.” मी विचारलं, आपल्या डोंगरापेक्षा मोठा का गो? तर म्हणे, “छे. पण आपला डोंगर कुणाला डोक्यावरनं आणावा लागला न्हाय.” उंटवाल्यालाही दादाचं विचारून झालं होतं.

मग अजबखाना. तिथं काचेच्या पेटीत खराखुरा राजा निजलेला, काळा पडलेला, दात उघडे.

“कधी मेला हा?”

“तीन हजार वर्षं झाली म्हणतात,” आदमभाई म्हणाला.

“आणि अजून असाच? पोरांना लाज न्हाय? रडतं कोण ह्याला?”

“आता कोण रडणार, बाय!”

समोर मढं आणि न रडता पाठ फिरवायची? वहिनीच्या हातून ते होणं शक्यच नव्हतं. पदर ओढून ती फरशीवर बसली आणि तिनं सूर लावला, “अरे माझ्या...” आणि अडली. हेल काढायचा तर मेलेल्याला नावानं हाक मारावी लागते, आणि राजाचं नाव हिला कुठं ठाऊक? तोंड उघडं तसंच राहिलं, आणि त्यातून निघालं, “अंबाजी रे!”

मग थांबणं नव्हतं. खाडीतल्या चिंबोऱ्यांतली मोठी तिच्या ताटात टाकणारा अंबाजी. चिंचेखालच्या भुताला भिऊन तिचा हात धरणारा अंबाजी. इतक्या वर्षांचं अडवलेलं सगळं त्या राजापुढे ओतलं गेलं. शिपाई धावले. गोऱ्यांनी टोप्या काढल्या. मडम शरमेनं लाल झाली.

आणि आदमभाई ओरडला, “अंबाजी? एका पायाचा? सुवेझच्या खाणावळीत भाकऱ्या थापतो तो? गाव विचारलं की तोंड फिरवतो!”

वहिनीचा हेल तिथंच तुटला. आनंद व्हायच्या आधी तिला धडकीच भरली. नाव घेतलं, वर जित्या माणसाला रडली! मडमेनं तिला कामावरून काढून आदमभाईबरोबर सुवेझला धाडलं. गाडीत ती सारा वेळ पुटपुटत होती, “रडले ते राजाला रडले, देवा, त्यांना न्हाय.”

दादा पीठ मळत होता, कुबडी भिंतीला. वहिनीनं आधी त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघितला. मग खालीच बसली.

“पाय कुजला, कापला,” दादा म्हणाला. “एका पायानं चिखलणी कशी करू? म्हटलं, तू तरी मोकळी होशील.”

“मोकळी?” वहिनी म्हणाली, आणि पुढं जे बोलली ते ऐकून जेवणारे ताटावरून उठले. आदमभाई मला अजून ते शब्द सांगत नाही.

आगरदांड्याला होडीतून उतरताना सगळ्या धक्क्यानं ऐकलं, “अंबाजी, सांभाळून उतरा!” येसाजीकाकांनी कानांवर हात ठेवले. “कृष्णे, त्याच्या आयुष्याचा तरी विचार कर!”

“नाव घेतलं म्हणून सापडले,” वहिनी म्हणाली. “न घेता त्यांच्या दारावरनं तशीच पुढं गेले होते मी.”

तेव्हापासून रोज दुपारी आरोळी, “अंबाजी, जेवायला या!” दादा ऐकू आलं नाही असं सोंग करायचा, म्हणजे ती पुन्हा घेईल. मी किती थट्टा केली दोघांची! आमचे हे ओटीवर बसून ऐकायचे. एकदा म्हणाले, “तूही घेऊन बघ की माझं.” मी म्हटलं, “चला, काहीतरीच!” ते हसले आणि विडी शिलगावली.

दोन वर्षांनी पटकीच्या साथीत ते गेले. अंगणात त्यांना ठेवल्यावर मी पहिल्यांदा नाव घेतलं, दयाराम. मग पुन्हा घेतलं, जरा मोठ्यानं. पण ते काही दादासारखं सोंग करत नव्हते.