साडेचारचा गॅलन

धक्क्यावर त्याला सगळे 'साडेचार' म्हणत. लाँचच्या इंजिनांवर हयात घालवलेला हा मिस्त्री लिटरला माप मानायचाच नाही. कोणी लिटर म्हटलं की डोळे मिटून साडेचारने भागायचा आणि गॅलन सांगून मोकळा व्हायचा. बायकोने दोन लिटर दूध आणलं तरी "म्हणजे अर्ध्या गॅलनला जरा कमी," हे ठरलेलं. त्याचा हिशेब चुकायचा नाही, हे कबूल करायलाच हवं. फक्त आपल्याशिवाय दुसऱ्या कोणाला भागाकार येतो, यावर गड्याचा विश्वास नव्हता.

त्यातच मालकाने परदेशातून एक जुनी लाँच आणली आणि तिच्या टाकीचा काटा निघाला गॅलनचा. साडेचारला आभाळ ठेंगणं झालं. डिझेल पिंपातून हातपंपाने भरायचं आणि मोजायला तेवढा काटा. ही लाँच आल्यापासून पिंपं जास्त दिवस पुरतात, असंही तो मिशीवर ताव देत सांगे.

त्या दिवशी साडेचारचा मुलगा लाँच घेऊन दीपगृहावरची माणसं आणायला निघाला. एवढी लांबची फेरी या लाँचची पहिलीच. जाऊन-येऊन ऐंशी लिटर लागणार होते. साडेचारने काटा विसावर आणला.

"वीस गॅलन, म्हणजे नव्वद लिटर. दहा उरतील. नीघ."

मुलाने दोर सोडला आणि लाँच निघाली.

दुपारी साडेचार सुटे भाग धुवायला बसला. लाँचबरोबर आलेल्या पेटीत एका गॅलनचं पत्र्याचं माप होतं. ते काठोकाठ भरून त्याने लिटरच्या खुणा असलेल्या कॅनमध्ये ओतलं. डिझेल चारच्या खुणेलाही पोचलं नाही. कुठे सांडलं का, म्हणून त्याने खाली पाहिलं. फरशी कोरडी. पुन्हा भरलं, पुन्हा ओतलं. पावणेचारच्या जरा वर.

"मापच खोटं आहे," तो मोठ्याने म्हणाला. मग त्याने ते उलटं करून पाहिलं. लाँचच्या काट्यावर होती तीच छाप मापाच्या बुडाला होती.

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. गॅलन दोन असतात, एक मोठा आणि एक छोटा, हे त्याने तरुणपणी कधीतरी ऐकलं होतं आणि उडवून लावलं होतं. वीस गुणिले पावणेचार, पंचाहत्तर. फार तर शहात्तर. म्हणजे चार लिटर कमी! आणि ते शेवटचे चार लिटर कुठे लागतात हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक? बंदराच्या तोंडाशी, दोन खडकांच्या मध्ये. तिथे इंजिन बंद पडलं तर लाट लाँचला खडकावर आपटणार, त्यात शंका नको.

त्याने फोन लावला. समुद्रात तो लागत नसे, तरी लावतच राहिला. जवळ एकही होडी नव्हती, सगळ्या मासेमारीला गेलेल्या. आपण पोराला आपल्या हाताने बुडवायला पाठवलं, एवढंच त्याच्या डोक्यात फिरत होतं.

ऊन कललं तेव्हा लाँच दिसली. इंजिनाचा आवाज त्याला ओळखू आला आणि त्याने श्वास रोखून धरला. लाँच बंदराच्या तोंडाबाहेर पोचली आणि आवाज थांबला.

साडेचार जागच्या जागी खिळला. लाँच लाटांवर नुसतीच हलत होती. तो ओरडला, पण त्याचा आवाज त्यालाच ऐकू आला नाही. मग कितीतरी वेळाने इंजिन खोकलं, धरलं, आणि लाँच खडकांमधून सरळ आत आली.

माणसं उतरू लागली. मुलाने एक रिकामा कॅन धक्क्यावर टाकला. "काय झालं बाबा? चेहरा असा का?"

"हा कॅन कसला?"

"डिझेलचा. बाहेरच थांबून ओतला. टाकी तुमच्या हिशेबाच्या आधी आटते, सांगितलं होतं की तुम्हाला. तेव्हापासून एक जवळ ठेवतो. आज पहिल्यांदा लागला."

"मग मी काय म्हणालो होतो?"

"जाऊ द्या ना."

"बोल!"

मुलाने मान खाली घातली. "आधी भागाकार शीक, म्हणालात. सगळ्यांसमोर."

उतरलेली माणसं थांबून बघू लागली. साडेचारने पत्र्याचं माप मुलाच्या हातात ठेवलं.

"आता सगळ्यांसमोरच मला शिकव," तो म्हणाला.