भासऱ्याचा ताप आणि लाल तारा
वाळत घातलेल्या मोहफुलांचा वास आला की मला माझा गाढवपणा आठवतो. ऐंशी-ब्याऐंशीच्या सुमारास, नव्या लग्नात, आम्ही दोघं आरमोरीजवळच्या आमच्या गावी पहाटेच्या अंधारात मोह वेचायला गेलो होतो. टपटप फुलं पडत होती आणि दक्षिणेला एक तारा निखाऱ्यासारखा लाल दिसत होता. नुकतंच एक पुस्तक वाचलेलं, म्हणून मी ऐट केली, "ती ज्येष्ठा. आपले किती सूर्य मावतील तिच्यात!" बायको हरखली, "माहं नक्षत्र तेच हाये." उजाडल्यावर घरी येऊन मी ते कौतुकानं सगळ्यांना सांगितलं. थोरला भाऊ हिवतापानं पडलेला होता. आत्या कडाडली, "ज्येष्ठेची पोरगी भासऱ्याले खाते! ताप उतरेपर्यंत तिले माहेरी धाड." मी अंगठ्यानं जमीन उकरत राहिलो. सुनेनं भासऱ्याशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, बोलायचं नाही अशी आमच्याकडची रीत; पण हिनं टोपली ठेवली आणि पेजेची वाटी घेऊन थेट त्याच्या खाटेपाशी गेली. "भाऊजी, तुमाले मच्छर चावला, तारा नाई. मी कुठी जात नाई. पेज प्या." भावानं आत्याच्या देखत वाटी रिकामी केली आणि म्हणाला, "अजून हाये का, बाई?" आता माझे केस पिकलेत, भाऊ अजून ठणठणीत आहे. त्या दिवशी मी हळूच माफी मागितली, तेव्हा ती म्हणाली, "उद्या पहाटे तोच तारा दाखवा. अन् घरी येऊन आजच्यापेक्षा मोठ्यानं सांगा."